काढ्याचा चोथा

हांगचौ, १२ सप्टेंबर १९९६

बाबा,

तुमची प्रकृती उत्तम असेल, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे. पण ती उत्तम नाही हे मला कळलं आहे, म्हणून लिहीत नाही.

लू गुरुजींनी कळवलं. त्यांच्यावर चिडू नका. हे पत्रही तेच तुम्हाला वाचून दाखवणार आहेत, तेव्हा आधी पुरतं ऐकून घ्या. सकाळी उठल्याबरोबर पोटात कळ येते, चहाच्या आधीच दोनतीनदा परसाकडे पळावं लागतं, जाऊन आलं की कळ थांबते, आणि कुणाशी वाजलं की दुपारीही तेच. तालुक्याच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं. तेव्हापासून तुम्ही धरून बसला आहात की आत गाठ आहे. आईच्या थडग्याशेजारची जागा साफ करून घेतलीत म्हणे.

आपल्याकडे गाठ निघाली तर रोग्याला सांगत नाहीत, घरच्यांना बाहेर बोलावून सांगतात, हे मलाही ठाऊक आहे. तुमच्याबरोबर घरचं कुणी नव्हतं. म्हणून तुम्हाला वाटतं, डॉक्टरला सांगायला माणूसच मिळालं नाही. बाबा, तसं नाही. ‘काही नाही’ म्हणजे गाठ नाही, जखम नाही. दुखणं आहेच. नव्या पुस्तकांत त्याला चिडकं आतडं म्हणतात. डोकं आणि आतडी यांच्यात नसांची तार आहे आणि तिच्यावरून दोन्हीकडचे निरोप जातात, असं त्यांनी शोधून काढलं आहे. आपल्या जुन्या वैद्यांना तार ठाऊक नव्हती, पण निरोप ठाऊक होते. त्यांच्या लेखी यकृत म्हणजे लाकूड आणि प्लीहा म्हणजे माती. राग गिळून ठेवला की लाकूड माजतं आणि मातीच्या छाताडावर बसतं. मग पोट दुखतं आणि वाहतं.

यावर चार औषधांचा साधा काढा आहे. बायचूचं मूळ, पांढऱ्या पिओनीचं मूळ, संत्र्याची जुनी साल आणि फांगफंग नावाचं मूळ. चारांतली पहिली दोन तर तुमच्याच शेतात उगवतात. तुम्ही हो म्हणालात तर पुड्या बांधून पाठवते.

मी मजेत आहे. रुग्णालयात सगळे सांभाळून घेतात.

गुरुजी, इथून पुढचं तुमच्यासाठी आहे. मोठ्यानं वाचू नका. बाबा ऐकताना काही बोलले का? नुसतं ‘हं’ म्हणाले असतील तरी कळवा.

आ-छिन


हांगचौ, २८ सप्टेंबर १९९६

बाबा,

तुमचं उत्तर गुरुजींनी जसंच्या तसं लिहून पाठवलं: ‘ज्या नाकानं माझा माल परत पाठवला, त्याच नाकानं आता माझं पोट हुंगणार का?’

ठीक आहे. दोन वर्षांनी एक वाक्य आलं, त्यालाही मी उत्तरच समजते.

त्या दिवसाबद्दल मी इतकंच लिहीन. खरेदी केंद्रावर मी शिकाऊ म्हणून उभी होते. साहेबांनी आपल्या गावच्या पिओनीचं पोतं उघडलं आणि मला विचारलं, ‘गंधकाचा धूर दिलाय का?’ मी वास घेतला आणि ‘हो’ म्हटलं. पोतं कुणाचं आहे हे मला ठाऊक होतं. त्यांनी मला ते विचारलं नव्हतं. गंधकानं मूळ पांढरंशुभ्र दिसतं आणि त्याचा गुण जातो. ते मूळ कुणाच्या तरी पोटात जाणार होतं. आज विचारलं तरी मी ‘हो’च म्हणेन. पण सगळा गाव बघत असताना तुम्ही ती पोती पुन्हा हातगाडीवर चढवलीत आणि माझ्याकडे न बघता घाट चढून गेलात, ते मला रोज दिसतं. ते दिसतं म्हणून माझं उत्तर बदलत नाही. दोन्ही एकाच पोटात ठेवून राहते आहे.

काल चंद्राचा सण झाला. आम्ही सगळ्यांनी वसतिगृहाच्या गच्चीवर केक वाटून खाल्ले. खूप हसलो. तुम्ही अंगणात चंद्रासाठी पाट मांडला होतात का?

पुड्यांचं विचारलं होतं.

गुरुजी, हे मोठ्यानं वाचू नका. गच्चीवर मी एकटीच होते. माझ्या खोलीतली मुलगी लग्न होऊन गेली, तिच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. केकचे चार तुकडे केले, तिघांचे तीन आणि चंद्राचा एक, कारण आमच्या घरी तसे करायचे, आई असताना. मग चारही मीच खाल्ले. बाबांना सांगू नका, म्हणतील एवढं शिकून हेच का.


हांगचौ, २४ ऑक्टोबर १९९६

बाबा,

तुम्ही ‘नको’ म्हटलं नाहीत, असं गुरुजींनी लिहिलं. ‘पाठव’ही म्हटलं नाहीत. मी पहिल्यावर विसंबून पुड्या पाठवते आहे.

आमच्या खात्याच्या मुख्य म्हाताऱ्या छू डॉक्टरीणबाईंना मी तुमची लक्षणं सांगितली. त्या म्हणाल्या, ‘रोगी कुठाय?’ मी म्हटलं, गावी. ‘मग पत्राची नाडी बघतेस काय? शाई बारीक चालते का जाड?’ सगळे हसले. पण नंतर त्यांनी माझी चिठ्ठी वाचली आणि बायचू कोंड्यात परतून घे, एवढंच सुचवलं. म्हणजे बाकीचं बरोबर होतं.

काढ्याचं भांडं तिसऱ्या काकूंकडून मागून आणा. परत मात्र करू नका, लागेल तेव्हा त्या येऊन नेतील. औषधाचं भांडं आपण होऊन परत नेलं तर दुखणं दारात नेऊन ठेवलं म्हणतात. पुडी अर्धा तास पाण्यात भिजू द्या, मोठ्या आचेवर उकळी आली की आच बारीक करा. त्याच पुडीचा दुसरा काढा संध्याकाळी. कोमट प्या. पिताना कुणाशी भांडू नका, निदान पिऊन होईपर्यंत तरी.

आणि चोथा गल्लीच्या तोंडाशी टाका, आई टाकायची तसा. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांबरोबर दुखणं निघून जातं म्हणतात. माझा त्यावर विश्वास आहे असं नाही. पण टाका.

गुरुजी, मोठ्यानं वाचू नका. चोथ्याचं मी मुद्दाम लिहिलं आहे. तुम्ही शाळेला जाताना रोज ती गल्ली ओलांडता. चोथा दिसला म्हणजे बाबा काढा घेत आहेत. नाही दिसला तर घेत नाहीत. एवढं फक्त बघा आणि मला कळवा. त्यांना विचाराल तर ते कधी सांगणार नाहीत.


हांगचौ, १९ नोव्हेंबर १९९६

बाबा,

गल्ली स्वच्छ आहे, असं कळलं.

तिसऱ्या काकू म्हणाल्या म्हणे, ‘भावोजींच्या गल्लीत कोंबड्यांनी टाकलेलं सोडून दुसरं काही पडलेलं नाही.’ गुरुजींनी पंधरवडाभर पाहिलं. पावसात वाहून गेलं असेल म्हणून पाऊस नसतानाही पाहिलं.

मी प्रत्येक पुडी स्वतः बांधली. औषधखान्यातून न घेता प्रत्येक मूळ स्वतः निवडलं. तुम्ही त्या चुलीत घातल्यात, की डुकरापुढे टाकल्यात, मला माहीत नाही. मला राग आला आहे. तो मी गिळत नाही, तुम्हालाच परत पाठवते आहे, नाहीतर माझंही पोट बिघडायचं.

ज्याला घ्यायचं नाही त्याला औषध देऊ नये, असं आमच्यात जुनं वचन आहे. यापुढे पुड्या येणार नाहीत.

तुमची लेक,
यांग सूछिन

गुरुजी, वाचू नका हे. माझं पोट बिघडलेलंच आहे. इथं औषधखान्यात पिओनीचा नवा माल आला, त्यालाही धुराचा वास होता. मी वर तक्रार केली. माल परत गेला आणि औषधखान्यातली माणसं माझ्याशी बोलायची बंद झाली. जेवणघरात मी ताट घेऊन बसले की बाकं हळूहळू मोकळी होतात. ‘नाकवाली आली’ म्हणतात. पाठीमागे म्हणत नाहीत, ऐकू येईल असं म्हणतात. मी बरोबर होते, गुरुजी. दोन्ही वेळा. बरोबर असणाऱ्याला असं एकटं बसून जेवावं लागतं, हे तुम्ही आम्हाला शाळेत शिकवलं नाहीत.


हांगचौ, ९ फेब्रुवारी १९९७

बाबा,

नववर्षाचा नमस्कार. सुट्टी मिळाली नाही म्हणून येता आलं नाही. आईच्या फोटोपुढे माझ्याही नावानं उदबत्ती लावा.

गुरुजी, पुढचं नेहमीप्रमाणे तुमच्यापुरतंच.

सुट्टी मिळत होती. मीच दुसऱ्या कुणाची तरी पाळी मागून घेतली. घाट चढून घरी जायचं, आणि बाबांनी भाताचा वाडगा माझ्यापुढे सरकवून भिंतीकडे बघत जेवायचं, ते मला झेपलं नसतं. वर्षअखेरच्या जेवणाला मी खोलीत तांदळाच्या वड्या उकडल्या. दोन घास खाल्ले आणि कळ आली. जाऊन आले की थांबते. राग आला, वाईट वाटलं की पुन्हा. चिठ्ठीवर मी बाबांचं जे जे लिहिलं होतं, ते सगळं मला होतंय.

छू डॉक्टरीणबाईंनी परवा जाता जाता माझं मनगट धरलं. म्हणाल्या, ‘वाद्याची तार आहे की नाडी? कुणाशी बोलत नाहीस?’

मी म्हटलं, ‘माझ्याशी कुणी बोलत नाही.’

‘ते नाही विचारलं मी.’

मग म्हणाल्या, ‘रोग्यांना सांगतेस चिंता करू नका. चिंता बंद करायला काय, बटण असतं त्यांना? चिंता कुणाची आहे ते विचारत जा. तुझी कुणाची आहे?’

मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. नळी घालून गाठ दिसली नाही हे मला माहीत आहे. पण ज्याला मरायचंच आहे असं वाटतं, तो माणूस जेवत नाही, वाळतो, आणि एक दिवस बिनगाठीचाच जातो. बाबा माझ्याशी न बोलता जातील, एवढीच माझी चिंता आहे. ती घेऊन मी रोज माणसांच्या नाड्या बघते. बाबांना यातलं काही कळू देऊ नका.


हांगचौ, १४ मार्च १९९७

बाबा,

तुम्ही बसमध्ये असाल आणि मी हे लिहायला बसले आहे. आज जे झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही समोरच होतात. पण दोन शिकाऊ पोरं कान टवकारून बसली असताना मला जे बोलता आलं नाही, ते लिहिते. लू गुरुजी, तुम्ही सगळंच मोठ्यानं वाचता हे आता कळलं आहे. तर वाचा.

नंबराची चिठ्ठी माझ्या हातात आली तेव्हा मला वाटलं, याच नावाचा दुसरा कुणी असेल. बाबा, बापाचं नाव लेकरानं तोंडानं घ्यायचं नसतं, आणि मी जन्मात घेतलेलं नाही. मी चिठ्ठी शिकाऊ मुलाकडे सरकवली. तो ओरडला, ‘यांग गेनमू!’ आणि निळा कोट गळ्यापर्यंत लावून तुम्ही आत आलात. नाडी बघायच्या उशीवर मनगट ठेवलंत आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसलात. केवढे वाळलात.

तो मुलगा म्हणाला, ‘आडनाव एकच की, डॉक्टर! नात्यातले का?’

तुम्ही म्हणालात, ‘आमच्याकडे दगड भिरकावला तरी यांगलाच लागतो.’

मी काय करणार होते? जे रोज सगळ्यांना विचारते तेच विचारलं. काय होतंय?

‘पोट.’

‘कधीपासून?’

‘दोन वर्षं. शरदातल्या खरेदीपासून.’

‘कशानं वाढतं?’

‘पत्र आलं की वाढतं, डॉक्टर. नाही आलं की जास्तच वाढतं.’

मुलगा हसला. ‘सरकारी नोटीस येते का, आजोबा?’

‘छे. खासगी.’

मी मान वर केली नाही. औषध काही घेतलंत का आधी, असं विचारलं. ते तर विचारावंच लागतं.

‘घेतलं. गेल्या शरदात पुड्या यायच्या. उतार पडला होता. मग यायच्या थांबल्या.’

माझं पेन थांबलं. ‘घेतलंत? पण गल्लीत चोथा...’

‘वाफ्यात पुरला,’ तुम्ही म्हणालात. ‘गल्लीवर पहारा बसवलेला. तिथं टाकला असता तर गावानं म्हटलं असतं, गेनमू लेकीपुढं नमला. आणि आमचे गुरुजी सरळ माणूस. “मोठ्यानं वाचू नका” हेसुद्धा मोठ्यानं वाचतात. तिसरी वहिनी शेजारी बिया फोडून खात बसलेली असते. तिलाही सगळं पाठ आहे.’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गच्ची, केकचे चार तुकडे, मोकळी होणारी बाकं, उकडलेल्या वड्या. अंगणात बसून तुम्ही सगळं ऐकलं होतंत. जे लपवलं तेही आणि जे ऐटीत लिहिलं तेही, एकामागोमाग एक. आणि मी तिथे न पडलेल्या चोथ्यावर रागावून तुमचा चांगला लागू पडलेला काढा बंद केला होता. एवढी शिकलेली मी. आणि निदान केलं कुठल्या लक्षणावरून, तर स्वच्छ गल्लीवरून!

‘जीभ दाखवा,’ म्हटलं, कारण दुसरं काही सुचेना. लहानपणी मी तुम्हाला जीभ दाखवली तर टपली मिळायची. तुम्ही मुकाट्यानं दाखवलीत. फिकट, कडेला दातांचे वण. मग मी नाडीवर तीन बोटं ठेवली. दोन वर्षांत तुम्हाला पहिल्यांदा हात लागला. नाडी बघायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ मी बोटं ठेवली. तुम्ही मनगट काढून घेतलं नाहीत.

मी चिठ्ठी लिहायला घेतली तर तुम्ही म्हणालात, ‘पिओनी कुठली देणार?’

‘बिनधुराची.’

‘मळकी दिसते ती.’

‘दिसू दे.’

‘आम्ही घरच्यासाठी तीच ठेवतो.’

बाबा, त्या क्षणी मला टेबलावर मूठ आपटावीशी वाटली. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! घरासाठी एक आणि परक्याच्या पोटासाठी दुसरी. यावर आपण भांडणार आहोत. मी सोडणार नाही. तुम्हीही सोडू नका. पण भिंतीकडे बघत नको, समोरासमोर.

तेवढ्यात तुम्ही पिशवीतून तालुक्याचे कागद आणि फोटो काढून माझ्यापुढे ठेवलेत आणि इतक्या हळू विचारलंत की मुलांना ऐकू गेलं नाही.

‘गाठ आहे का गं?’

इतका वेळ मी ‘डॉक्टर’ होते.

मी प्रत्येक फोटो खिडकीकडे धरून पाहिला. अहवाल वाचला, पुन्हा वाचला. तुम्ही माझ्या तोंडाकडे टक लावून होतात. म्हणालात, ‘तालुक्याचा डॉक्टर गोड बोलला. हात धरून बोलला. एवढं गोड बोलतात तेव्हा माणूस जाणार असतो. गुरुजी गोड बोलतात, वहिनी गोड बोलते. सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात. म्हटलं, बापाचीही भीड धरत नाही असं एकच माणूस माझ्या माहितीत आहे. तिला विचारून येऊ.’

‘गाठ नाही,’ मी म्हटलं.

तालुक्याच्या डॉक्टरनं हेच सांगितलं होतं, मी पत्रात हेच लिहिलं होतं. पण तुम्हाला ते माझ्या तोंडून, माझ्याकडे बघत ऐकायचं होतं. तुम्ही कोटाचं गळ्याशी लावलेलं बटण काढलंत आणि भिंतीला टेकून बसलात. शिकाऊ मुलाला वाटलं तुम्हाला भोवळ आली, तो पाणी घेऊन धावला. तुम्ही पाणी प्यायलात आणि त्याला म्हणालात, ‘चांगली आहे तुमची डॉक्टर. जरा तिखट आहे.’

‘आम्हालाही तसंच वाटतं,’ तो म्हणाला. बाबा, इथलं कुणी माझ्याबद्दल माझ्यादेखत असं हसून बोललं, त्याला किती महिने झाले असतील.

लांबून येणाऱ्या रोग्याला आम्ही महिन्याच्या पुड्या देतो. आपल्या लाओकेंग गावाहून इथं यायचं म्हणजे घाट उतरून दोन बस बदलायच्या, सगळा दिवस जातो. हे मला माहीत आहे, छू डॉक्टरीणबाईंचा नियमही आहे. मी आठवड्याच्याच लिहिल्या.

औषधांच्या खिडकीवर पुड्या मिळाल्यावर तुम्ही गठ्ठा हातावर तोललात. जन्मभर मुळं तोलणारा हात तो. परत दारात आलात.

‘थोड्याच दिल्यात.’

‘हो.’

‘संपल्यावर?’

‘परत यावं लागेल. नाडी बघून पुढचं ठरवायचं.’

तुम्ही त्या मुलाकडे वळून विचारलंत, पुढच्या शुक्रवारी नंबर किती वाजता लावतात.

आ-छिन